बाबांच्या वळणावरचा दगड

बाबांचे डोळे गेले तेव्हा मी देवावर रुसले होते. कळंबच्या चिंतामणीला नवस बोलून झाला, ऑपरेशन झालं, उजेड काही परत आला नाही. मग मी त्या जमिनीखालच्या देवळाच्या पायऱ्या उतरणंच सोडलं. बाबांना मात्र एकच ध्यास लागला होता. "मले एकडाव माह्या दगडापाशी ने."

बाबा मैलमजूर होते. राळेगाव रस्त्याचा एक तुकडा तीस वर्षं त्यांच्या ताब्यात. मुरूम पसरायचा, खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं. तो राज्य महामार्ग झाला आणि किलोमीटरच्या दगडांची डोकी हिरवी झाली. साहेबांच्या पाहणीआधी दरवर्षी बाबा ती रंगवत, आणि वळणावरच्या एका दगडाला जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बाया दुसऱ्याच दिवशी शेंदूर फासत. "अवो, सरकारी दगड हाय हा, देव नाही!" असं ते ओरडत. बाया ऐकतात थोडीच! रिटायर झाल्यावर त्या दगडाला रंग कोण लावत असेल, या काळजीनं बाबांना झोप लागेना.

शेवटी मागच्या कापूस वेचणीत त्यांना स्कूटीवर बसवून मी निघाले. रस्ता आता रुंद, सरळसोट. मागे बसलेले बाबा अंगानंच वाट ओळखत होते. "वळण आलं नाही अजून," म्हणत त्यांनी मला दोनदा मागे फिरवलं. तिसऱ्यांदा माझा तोल गेला. "बाबा, वळणच काढून टाकलं त्यायनं. दगडही गेला असंल. कायले जीव काढता माहा?"

बाबा उतरले आणि रस्त्याच्या कडेची माती हातानं चाचपडू लागले. मला माझीच लाज वाटली. किती दिवसांनी मनात म्हटलं, देवा, मला काही सुचत नाही, आता तूच बघ.

तेवढ्यात डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेली एक बंजारा बाई शेतातून वर आली. "काय हरपलं, बाई?" मी सांगितलं. तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि बाबांचा हात धरून चालू लागली. कापसाच्या पऱ्हाटीच्या मागे जुन्या डांबरी वळणाचा तुकडा गवतात तसाच पडून होता. दगडही होता, शेंदरानं माखलेला.

बाबा कोरलेल्या आकड्यांवरून बोटं फिरवत राहिले. बाई सांगू लागली, "आमच्या पणज्याचे बैल मीठ घेऊन याच वाटेनं जायचे, काका. इथं आमच्या याडीचं, म्हंजे आईचं ठाणं होतं. सडक आली, सरकारनं तिच्याच जागेवर दगड गाडला."

बाबांचा चेहरा उतरला. "म्हंजे मी इतकी वर्षं देवीले रंग फासून राह्यलो?"

"फासला कुठं? दरसाली हिरवी चोळी देत होते तुम्ही तिले. तुम्ही यायचे बंद झाले, तवापासून आम्हीच हिरवा रंग आणतो. मंग शेंदूर."

बाबा ढसाढसा रडले. मीही रडले. नवस बोलताना मी किती बारीकसारीक अटी घातल्या होत्या, आणि बाबांनी वैतागून केलेलं कामही कोणीतरी चोळी म्हणून पदरात घेतलं होतं. त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

बाबा बराच वेळ तिथे बसले. मग स्वतःच उठले. "चाल पोरी, घरी जाऊ. इथं माह्यावाचून काही अडलं नाही."

हे वाक्य इतक्या सुखानं बोलताना मी कुणालाच ऐकलेलं नाही.