कव्हराखालची लॅब

आयुष्यभर संगणक सांभाळले आणि होता होईतो कुणाला वापरू दिले नाहीत, असा माणूस अख्ख्या खान्देशात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. धुळ्याच्या ज्या कॉलेजात माझी मुलगी रोहिणी शिकली, तिथल्या संगणक विभागाची लॅब त्यांच्या ताब्यात होती. मूळचे सोनगीरचे. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना आबा म्हणत.

त्या लॅबमधली मशिनं माझ्या दुकानातली. नरडाण्याला टपरीत रेडिओ दुरुस्त करत मी वर आलो, भाव करताना सख्ख्या भावालाही सोडत नाही. पण आबांनी मला दिवसभर घाम फोडला, आणि तोही किमतीवर नाही, कव्हरांवर. कव्हरं जाड रेक्झिनची हवीत, शिवण दुहेरी हवी आणि वर फुकट हवीत. मशीनचा वेग किती, मेमरी किती, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. शेवटी मी भडकलो. “घ्या, आणि बसा पांघरून!” म्हणालो आणि सौदा मारल्याच्या आनंदात घरी आलो. तो सौदा आजही माझ्या घशाखाली उतरत नाही.

लॅबच्या दाराशी चपला काढायच्या. पाय पुसायचे. मग आबा पोरांचे हात उलटेसुलटे करून बघणार. कुणी वडापाव खाऊन आला असेल तर त्याची रवानगी थेट नळावर. एवढं करून आत गेलं तरी समोर रेक्झिनच्या राखाडी रांगा. पुढची चार मशिनं तेवढी उघडी, परीक्षेपुरती. बाकी पोरांनी प्रोग्रॅम वहीत लिहायचा आणि तो चालला असता तर काय उत्तर आलं असतं, तेही स्वतःच लिहायचं. रोहिणीच्या वर्गातल्या काहींनी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून बोटं बसवली. एका पोराने कव्हराचं टोक नुसतं उचललं, तर आबा ओरडले, “आरे भो, हाई मशीन शे, बैलगाडी नही!” तपासणी समिती आली की मात्र कव्हरं निघत. दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू तेवढं पुसलेलं, बाकी कुठे ओरखडा नाही. समितीचे साहेब खूश. सगळी मशिनं कशी नवी आहेत, हे आबा छाती काढून सांगत, “बठ्ठा मशीन नवा कोरा शेतस!”

या वेडाला कारण होतं. कॉलेजात पहिला संगणक आला तेव्हा आबा नुकतेच कामाला लागलेले. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याने उत्साहात नारळ मशीनच्या डब्यावरच फोडला. पाणी आत गेलं, मशीन तिथेच गेलं. पुढाऱ्याला कोण बोलणार? “झाकून का नाही ठेवलं?” म्हणून भर मांडवात बोलणी खाल्ली ती आबांनी. त्या दिवसापासून ते झाकतच राहिले. हे त्यांनी मला चहा पिताना सांगितलं, तेव्हा मी पोट धरून हसलो. आबाही हसले, पण कपावर बशी झाकत.

रोहिणीचं शेवटचं वर्ष आलं आणि घरात स्थळांची बोलणी सुरू झाली. माझे थोरले भाऊ, नाना, चाळीसगावचं स्थळ घेऊन बसले. मी त्यांच्याशी सौदा केला. कॉलेजात पुण्याची कंपनी नोकरीसाठी लॅबच्या मशिनांवर परीक्षा घ्यायला येणार होती. त्यात पोरगी निवडली गेली तर लग्नाचं नाव काढायचं नाही; नाही गेली तर नाना म्हणतील तसं. नानांनी हात पुढे केला, मी टाळी दिली. पोरगी घरच्या मशीनवर तयार झालेली, हुशार. मला वाटलं, नानांना आपण लुटलं.

परीक्षेच्या सकाळी आबांनी नवं धोतर नेसून स्वतःच्या हाताने एकेक कव्हर काढलं. बटणं दाबली. काही नाही. कव्हरांच्या उबेत उंदरांनी संसार थाटले होते, वायरी कुरतडलेल्या, आतल्या बॅटऱ्या पडून पडून मेलेल्या. पुढच्या चारांतलीही दोनच जागी झाली. पुण्याच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं, दुपारी जळगावच्या कॉलेजात जायचं असल्याचं सांगितलं आणि गाडीत बसले. मी धावत गेलो, भांडलो, दुकानातून मशिनं आणतो म्हणालो. काच वर गेली. मागे कुणीतरी म्हणालं, “मालच डुप्लिकेट दिला असेल.” मी त्याची कॉलर धरली. आबा मात्र कव्हराची घडी घालत होते, परत उलगडत होते. रोहिणी रडली नाही. तिने कंपास पेटी बंद केली आणि म्हणाली, “चला पप्पा, नाना वाट पाहत असतील.”

लग्नात मी आबांशी बोललो नाही. ते पंगतीला बसले नाहीत. माझ्याकडून पोरीसोबत जाणारं नवं मशीन टेम्पोत चढत होतं, तिथे जाऊन उभे राहिले. रोहिणी पाया पडली तेव्हा म्हणाले, “माय, रोज चालू करजो. झाकी नको ठेवजो.” आणि मांडवाबाहेर गेले.

आता ते निवृत्त आहेत. अधूनमधून दुकानात येतात, चपला बाहेर काढतात. मागच्या महिन्यात मी चाळीसगावला जाऊन आलो. बाहेरच्या खोलीत मशीन होतं, वर सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं कव्हर आणि त्यावर फुलदाणी. “आबांना सांगा, रोज चालू करते,” रोहिणी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मी कव्हराखाली हात घातला. बोटांना धूळ लागली.

परवा आबांनी रोहिणीच्या मशीनचं विचारलं, “पोरनं मशीन चालू ऱ्हास ना रे भो?”

या माणसाला ऐकवायचं म्हणून माझ्याकडे बरंच साठलं होतं. मी म्हणालो, “रोज चालू असतं, आबा. बंदच करत नाही ती.”

आबा हसले. खिशातून रुमाल काढून काउंटरवरचं मशीन हलकेच पुसलं, रुमाल त्यावर पसरायला गेले, थांबले, आणि घडी करून परत खिशात ठेवला.