टापूवाल्याची वेल

वालावलच्या सत्यवानाला काहीही सांगा, त्याचं उत्तर एकाच वाक्याने सुरू व्हायचं. "आमच्या टापूत असं नसतं." टापू म्हणजे परदेशातला, वाळवंटातला. तिथल्या सरकारने नकाशावर रेघ मारून ठरवलेला. रेघेच्या आत पिकलेल्या द्राक्षाच्याच वाईनवर त्या टापूचं नाव लावता येतं. तिथे काही वर्षं वेली छाटून सत्यवान परत आला आणि गावात त्याचं नाव पडलं, टापूवालो.

न्हाणीच्या मागे त्याने नाशिकहून आणलेली वाईनच्या द्राक्षाची वेल लावली. आईला, म्हणजे सावित्रीला, तिथे सुपारीची पोफळ हवी होती. शेवटी ठरलं, यंदा घोस गोड निघाले तर वेल राहील, नाहीतर पोफळ.

घोस धरले, रंगावर आले. सत्यवान म्हणाला, "आता पाणी बंद. आमच्या टापूत वेलीला तहानेली ठेवतात, तेव्हा साखर भरते."

"तहानेली?" सुनेला उपाशी ठेवायला सांगितल्यासारखा आईचा चेहरा झाला.

पहिलं फळ म्हणून देवाला गाऱ्हाणं घालायला चुलता आला, लवूकाका. नारळ ठेवून त्याने नाकातला सूर लावला; दर मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी होकार भरायचा, ही रीत.

"बा देवा महाराजा, ह्या टापूवाल्यान जी काय येल लायलेली आसा, तिका काय कमी पडू देव नको रे महाराजा."

"होय महाराजा."

"तिची मुळां सदां पाण्यान भिजान रवांदेत रे महाराजा."

सत्यवानाच्या कपाळाची शीर उडाली. पण चालू गाऱ्हाण्यात तोंड घालणार कोण? दात आवळून तोही सगळ्यांबरोबर म्हणाला, "होय महाराजा."

आठवडाभराने बघतो तर मणी न् मणी तडकलेला, वर मुंग्या. न्हाणीच्या पाण्याची माडाकडे जाणारी वाट कुणीतरी वेलीकडे वळवली होती.

"आये, पाणी कोणी सोडल्यान?"

"मियां. तूच देवासमोर होय म्हटलंस मां?"

"अगो, ता रीतीन म्हटलंय."

"मगे? देव काय रीतीन आयकता?"

काकाने एक मणी तोंडात टाकला आणि थुंकला. "पाणचट. टापूवाल्या, तुझ्या टापूत असाच लागता?"

सत्यवान म्हणाला, अजून एक वर्ष द्या. वाळवंटातल्या कोरड्या उन्हाचं सगळं पुन्हा समजावून सांगितलं. आई तोवर पोफळीचं रोप घेऊन आली होती, आणि काकाने कुदळ बाजूला ठेवून सूर लावला होता.

"बा देवा महाराजा, येल होती ती होती. आता हंय जी काय पोफळ लायतत, ती वाढांदे रे महाराजा."

सत्यवान काकाकडे रागाने बघतच होता. बघता बघता, सवयीने, त्याच्याच तोंडातून सगळ्यांच्या आधी निघालं, "होय महाराजा."