गोलकीपरनं दिलेली विमानाची परीक्षा

विमान पडायला लागलं की माणूस काय करतो हे मी अधिकारवाणीनं सांगू शकतो, कारण मी ते वारंवार केलंय आणि त्यासाठी वारंवार मार खाल्लाय. माणूस हातात असेल ते छातीशी ओढतो. विमानात हातात असतं कंट्रोलचं हॅन्डल. ते ओढलं की नाक आणखी वर जातं, वेग आणखी मरतो, आणि जे नुसतं पडत होतं ते दणकून पडतं.

याला स्टॉल म्हणतात. कमर्शियल पायलटच्या प्रॅक्टिकल परीक्षेत तो मुद्दाम करून दाखवायचा असतो. उंचावर जायचं, इंजिनाची ताकद काढून घ्यायची आणि नाक वर धरून ठेवायचं. वेग संपत आला की धोक्याचा भोंगा केकाटायला लागतो, अख्खं विमान खराब रस्त्यावरच्या रिकाम्या ट्रॉलीसारखं थडथडतं आणि एखादा पंख धाडकन खाली जातो. उपाय सोपा आहे. हॅन्डल पुढं ढकलायचं. जमीन अंगावर येत असताना आपणच जमिनीकडं तोंड करून वेग घ्यायचा, आणि मग सावरायचं. मला हे तोंडपाठ होतं. माझे हात मात्र म्हणायचे, तू हो पुढं, आम्ही न्हाय येत.

पहिल्या परीक्षेत मी ओढलं. डावा पंख गेला. कागलच्या एमआयडीसीचे चकाकणारे पत्रे आधी बाजूच्या खिडकीत आले, मग समोर आले, मग फिरायला लागले. परीक्षकानं माझ्या मनगटावर फाडकन फटका मारून हॅन्डल हिसकावून घेतलं. खाली आल्यावर मी चाकाशी बसून ओकलो आणि नापास झालो. क्रम उलटाही असेल.

आता दुसरी संधी होती आणि ती शेवटचीच म्हणायची, कारण माझ्या लेखी पेपरांची मुदत संपत आली होती. या खेपेला नापास झालो असतो तर सगळे पेपर पुन्हा पहिल्यापासून. वडील कागलच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. जेवताना भाकरी मोडत ते अगदी मायेनं म्हणाले, "न्हाई जमलं तर माझ्यासंगं चल. भट्टीवर माणूस पायजेच हाय." वडील ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आमचे इन्स्ट्रक्टर म्हणजे निवृत्त लष्करी माणूस. चूक झाली की गुंडाळलेल्या नकाशानं गुडघ्यावर हाणायचे. परीक्षेच्या आधी त्यांनी घरी फोन केला. "हा घाबरला की छातीशी धरतो. सगळं येतं त्याला. पण छातीशी का धरतो, तेच मला कळत नाही."

घरात सगळ्यांना कळलं. सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, पेठेच्या फुटबॉल टीमचे कोच. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि तांबडा-पांढरा रस्सा. त्यानं दोन पेठांची फायनल बघितलेली नसते. आमच्याकडं फायनलला येणारा प्रेक्षक पायात बूट घालून येतो, चपलेत पळता येत नाही म्हणून. मी लहान असताना तात्यांनी मला गोलमध्ये उभं केलं आणि हाताच्या अंतरावरून तोंडावर बॉल मारायला सुरुवात केली. "छातीशी धर! मेलास तरी सोडू नगं!" एका मॅचला समोरच्या पेठेचा फॉरवर्ड धावत आला आणि त्याचा गुडघा माझ्या नाकावर बसला. हाड मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. मी बेशुद्ध पडलो, पण बॉल सोडला नाही. एकेक बोट उकलून काढावा लागला म्हणे. ही गोष्ट तात्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात. पुढचा भाग सांगत नाहीत. मी बॉल घेऊन पडलो होतो तो गोलरेषेच्या आत. गोल झाला होता.

तर तात्या उठले. "मीच लावलिया सवय. मीच मोडतो."

वैमानिक लोक खुर्चीत बसून अख्खं उड्डाण कोरडं घोकतात. काय बघायचं, काय ओढायचं, काय बोलायचं, सगळं. त्यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं होतं ते आमच्या परसात. प्लास्टिकची खुर्ची, माझ्या हातात भंगारातल्या स्कूटरचं हॅन्डल, पायाखाली पेडल म्हणून दोन विटा. आणि माझ्या उजव्या बाजूला, जिथं परीक्षक बसतो बरोबर तिथं, तात्या. त्यांच्या हातात बॉल. हवा निम्मी गेलेला, रात्रभर बादलीत भिजवलेला, त्यामुळं विटेएवढा जड.

"स्टॉल!" तात्या ओरडायचे आणि बॉल माझ्या थोबाडावर यायचा.

माझे हात छातीकडं आले की दुसरा तडाखा कानावर. "आरं धरू नगं, खुळ्या! पंच कर! म्होरं मार!" गोलकीपरला बॉल धरता येत नसेल तर तो दोन्ही मुठींनी ठोसा मारून लांब घालवतो, त्याला पंच म्हणतात. तात्यांचं म्हणणं असं की पोराला ढकलणं शिकवणं अवघड, ठोसा मारणं सोपं. दोन्हीत हात पुढंच जातात की.

ओठ फुटला. कानात दिवसभर शिट्टी वाजत राहायची. एकदा "इंजिन फेल!" म्हणून त्यांनी बॉल उजवीकडून खालून घातला तो बरगडीत, आणि मी खुर्चीसकट विटांवर पडलो. शेजारच्या वैनी कुंपणावरून बघत होत्या.

"आवो तात्या, पोराला जीवं मारताय काय?"

"वैनी, इमान शिकवालोय."

"ह्ये इमान? मग आमच्या पोराला बँकेतच चिकटवलेलं बरं बाई."

पण गुण आला. तोंडावर काही आलं की हात आपोआप पुढं जायला लागले. फ्लाइंग स्कूलमध्ये गेल्यावर इन्स्ट्रक्टरांनी स्टॉल करायला सांगितला, भोंगा केकाटला, आणि मी असं काही पुढं हाणलं की विमानानं सरळ बुडीच मारली. गॉगल, पेन, पाण्याची बाटली, सगळं हवेत. इन्स्ट्रक्टरांचा पट्टा ढिला होता. त्यांचं टक्कल छतावर आपटलं. त्यांनी मला तीन भाषांत शिव्या घातल्या आणि शेवटी म्हणाले, "पुढं ढकल म्हटलं होतं रे, फेकू नकोस! पण बरं झालं. ओढण्यापेक्षा बरं झालं." पुढच्या काही दिवसांत त्यांनी नकाशाचे फटके देऊन देऊन माझा ठोसा पुन्हा ढकलण्याएवढा मऊ केला. निदान आम्हाला तसं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी आलेले परीक्षक बाहेरगावचे. सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज असा की दवाखान्यात बसल्यासारखं वाटावं. मला अहो-जाहो करत होते. त्यानंच मी पट्टा दोनदा आवळला.

वर गेलो. स्टॉल घेतला. भोंगा, थडथड, उजवा पंख गेला. हात पुढं, पाय पेडलवर, वेग आला, सावरलं. एमआयडीसीचा एकही पत्रा समोर फिरला नाही. "छान," ते म्हणाले. मला रडू यायचंच बाकी होतं.

कळंब्याच्या बाजूला वळलो. खाली तलाव, पलीकडं जेलची लांब भिंत. पुढचा भाग मला माहीत होता. परीक्षक न सांगता इंजिनाची ताकद काढून घेणार, आणि इंजिन बंद पडलंय असं समजून मी विमान शेतात उतरवायच्या तयारीला लागायचं. तो ताकदीचा दांडा, थ्रॉटल, आम्हा दोघांच्या मधोमध. न सांगता करायची पद्धतच आहे. खरं इंजिन तरी कुठं सांगून बंद पडतं?

उजवीकडून, खालून, काहीतरी माझ्याकडं आलं.

मी पंच केला.

तो परीक्षकांचा हात होता हे मला आवाजावरून कळलं. माझी मूठ आणि पॅनेलची धार यांच्यामध्ये त्यांची बोटं सापडली होती. ओली काटकी मोडावी तसा कट् असा आवाज आला. दोन नखांमधून रक्त आलं, ते माझ्या बाहीवर, त्यांच्या शर्टावर, आणि थोडं कंपासच्या काचेवर. ते ओरडले नाहीत. हात डोळ्यांसमोर धरून त्यांनी बोटांकडं बघितलं. मी भट्टी बघितली. वडिलांच्या शेजारी उभा असलेला मी पण दिसलो, तोंडाला फडकं बांधलेला.

"इंजिन बंद पडलंय असं समजा," ते तितक्याच हळू आवाजात म्हणाले आणि उजवा हात आडवा घालून त्यांनी थ्रॉटल मागं ओढलं.

म्हणजे परीक्षा चालू होती! मी नाक खाली घेतलं. चहूबाजूला ऊस. वरून तो गादीसारखा दिसतो, पण त्यात उतरलं तर चाकं गुंतून विमान उताणं होतं. एक तोडणी झालेला फड दिसला, कडेला पाचट पेटवलेलं, धूर पूर्वेला चाललेला. "वारा पश्चिमेचा, तो फड, या बाजूनं," असं ओरडत मी खाली निघालो. फडातली माणसं पळाली. एक बाबा मात्र पळाला नाही. तो ढेकूळ हातात घेऊन नेम धरून उभा राहिला.

"पुरे," परीक्षक म्हणाले. "वर घ्या, नाहीतर ते मारतील."

विमानतळाकडं वळल्यावर त्यांनी मांडीवरचा हात मला दाखवला. बोटं गाजरासारखी सुजली होती. "या हातानं मला थ्रॉटल धरता येणार नाही. उतरताना काही चुकलं तर मी सावरू शकेन असं धरून चालू नका."

आडवा वारा होता. धावपट्टीवर आलो, आणि टेकणार तोच वाऱ्यानं एक पंख उचलला. विमान एका चाकावर आपटलं, वर उडालं, पुन्हा आपटलं. माझे दात एकमेकांवर बसले. भोंगा केकाटला. नाक आभाळाकडं, वेग संपत आलेला, आणि माझी दोन्ही मनगटं छातीकडं यायला लागलेली मला दिसली. अगदी दुसऱ्या कुणाची असावीत तशी. मी त्यांना शिवी दिली. मोठ्यानं, परीक्षकांच्या देखत, आईवरून. मग हॅन्डल पुढं दाबून थ्रॉटल शेवटपर्यंत घातलं. विमान लटपटत, डुलत, कुंपणावरून वर गेलं. फेरी मारून पुन्हा आलो. दुसऱ्यांदाही आपटलंच, पण एकदाच.

पार्किंगशी तात्या होते, सोबत टीमचे दोघे बॅक. निकाल अजून परीक्षकांच्या खिशातल्या पेनात होता. तात्यांनी माझ्या बाहीवरचं रक्त बघितलं. आमच्या पेठेत पांढऱ्या शर्टातला निकाल देणारा माणूस म्हणजे रेफ्री, आणि रेफ्रीनं पोराला मारलं तर काय करायचं हे कुणी कुणाला विचारत नाही.

"पोराला हात लावलास व्हय रं?" तात्यांनी परीक्षकांची कॉलर धरली.

"तात्या, सोडा! तात्या, सही व्हायची हाय!"

मी मध्ये घुसलो. परीक्षकांसाठी निघालेला ठोसा माझ्या नाकावर बसला. डोळ्यांपुढं पांढरं झालं आणि मी परीक्षकांच्या अंगावर कोसळलो. आता त्यांच्या शर्टावर दोघांचं रक्त होतं.

"मी यांना मारलेलं नाही," माझ्या बगलेत हात घालून मला उभं करत परीक्षक म्हणाले. "यांनी मला मारलंय."

त्यांनी बोटं दाखवली. तात्यांनी ती निरखून बघितली. चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरत गेलं, ते त्यांना लपवता येईना.

"पंच केला?"

"तसंच काहीतरी."

तात्यांनी कॉलर सोडली आणि तिची घडी हातानं नीट केली. "आरं, सायबास्नी बर्फ आणा की!"

ऑफिसात परीक्षकांनी बर्फात एक हात बुडवून दुसऱ्या हातानं कागद भरला. मी नाकात कापूस घालून समोर उभा. "परीक्षकाला मारू नये असं कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "आजवर कुणाला लिहावंसं वाटलं नसेल. पण मगाशी आपटल्यावर तुम्ही माझी वाट न बघता विमान वर घेतलंत. माझं लक्ष तिथं होतं." त्यांनी सही केली. "यापुढं शेजारी जो कुणी बसेल, त्याला आधी कल्पना देत जा."

पास झालो. भट्टीवर दुसरा माणूस लागला.

घरी जाताना गाडी तात्याच चालवत होते. पेढे कुठले घ्यायचे, पेठेत कुणाला आधी सांगायचं, सगळं ठरलं. सायबर चौकात सिग्नल लागला तसे ते माझ्याकडं वळले.

"म्हंजे आता तू खरंच माणसं बसवून न्हेणार?"

"व्हय तात्या. तुम्हालाच पहिल्यांदा."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी त्यांनी गिअर टाकला नाही.

"मला नगं," तात्या म्हणाले. "तू कसा शिकलाईस ते मला ठावं हाय की."