मोहाखालचा जाळ

मोहफुलं वेचायला जायच्या आधी आई झाडाखालचा पाचोळा पेटवते. आमच्याकडे सगळेच पेटवतात. साफ जमिनीवर पहाटे पडलेली फुलं नीट दिसतात. जाळ नको, खराट्याने झाड, असं मी दरवर्षी तिला भाषण द्यायचे, ती दरवर्षी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची.

माझा धाकटा भाऊ सैन्यात होता, सीमेवर शहीद झाला. पहिल्या स्मृतिदिनाला गावाने त्याच्या नावाने झाड लावायचं ठरवलं. पाहुणे अशोकाचं रोप घेऊन आले. आईने तोंडावर सांगितलं, "सावली नाही, फूल नाही, असं झाड माह्या पोराच्या नावानं कायले?" मग आमच्या धानाच्या बांधीजवळ, म्हणजे भातखाचराजवळ, जुन्या मोहाशेजारी, मोहाचंच रोप लागलं.

यंदा चैत्रात आईने सवयीने पाचोळा पेटवला आणि वारा फिरला. ती पदराने जाळ झोडत राहिली, पण रोपाची काळी काडी उरली. मी सासरहून, कुडव्याहून गाडी दामटत पोचले तेव्हा ती तिथेच बसली होती. "म्याच जाळलं वो माह्या लेकराले," एवढंच म्हणत होती. मी एरवी तोंडाळ बाई, त्या दिवशी नुसती रडले.

स्मृतिदिनाचा कार्यक्रम ठरवणारे गावातले एक माजी सैनिक हळूच म्हणाले, "दुसरा रोप लावून देऊ काकी. कोनाले समजन?"

"मले समजन ना," आई म्हणाली.

तिने बांधीकडे जाणंच सोडलं. फुलं तशीच पडून सुकली. मी मात्र हट्टी. दर रविवारी जाऊन त्या काडीला पाणी घालू लागले. नवरा म्हणाला, "जळक्या लाकडाला पाणी घालणारी तूच पहिली." म्हटलं, असू दे.

ज्येष्ठात एका सकाळी काडीच्या बुडाशी तांबूस कोंब दिसला. मी धावत घरी गेले आणि आईला हाताला धरून, जवळजवळ ओढतच आणलं. ती उकिडवी बसली, बोटांनी माती सारली, कोंबाला हात लावायला मात्र धजली नाही.

"पाचोळा आता खराट्यानंच झाडीन," ती म्हणाली. किती वर्षांचं माझं भाषण त्या कोंबाने एका दमात पटवलं.

मग डोळे पुसून ती त्या कोंबालाच रागावली, "लहानपनापासून असाच हाय हा. दोन हाका मारल्याबिगर उठेच नाही."