उंच खुर्ची

यशोधन परचुरे वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणाचाही गैरसमज होईल. दिल्लीतल्या द्वारका भागात, त्याच्या सोसायटीत कुणाची गाडी अडली तर पायजम्यावर खाली येऊन धक्का मारणारा, कुणाच्या आईला दवाखान्यात न्यायचं असलं तर स्वतःचा चहा टाकून निघणारा असा तो माणूस. त्याच्या पोटात दुखायचं ते एकाच गोष्टीमुळे, आणि त्या गोष्टीचं नाव होतं सुगत रामटेके.

सुगत त्याचा सगळ्यात जुना मित्र. परक्याचा हेवा माणूस चार दिवस करतो आणि विसरतो. मित्राचा हेवा सोबत जेवतो, सोबत फिरायला जातो, आणि त्याच्या वाढदिवसाला सगळ्यात मोठा हारही तोच आणतो.

दोघं तरुणपणी दिल्लीतच, मुनिरकात एका खोलीत राहायचे. यशोधन पुण्याहून एका कॉम्प्युटर कंपनीत आलेला. सुगत वर्ध्याचा, सरकारी परीक्षांचा अभ्यास करणारा. खोलीला खिडकी एकच होती आणि तीही शेजारच्या भिंतीवर उघडायची. रविवारी करायचं काय, तर यशोधन टेनिसच्या स्पर्धांना लाइन अंपायर म्हणून जायचा. आपल्या वाट्याच्या रेघेकडे डोळे लावून उभं राहायचं, चेंडू बाहेर पडला तर हात लांब करून ओरडायचं, आणि दुपारी फुकट जेवायचं. एका रविवारी त्याने सुगतलाही ओढत नेलं. सुगतने तोवर रॅकेट हातातसुद्धा धरली नव्हती. रेघ म्हणजे काय, चेंडू कसा बघायचा, पापणी कधी मिटायची, हे सगळं यशोधनने त्याला शिकवलं. आणि मग गुरूची विद्या गुरूलाच फळली. सुगत पंचांच्या परीक्षेला बसला, पास झाला आणि जाळ्याजवळच्या उंच खुर्चीवर जाऊन बसला. यशोधन खाली रेघेवरच राहिला.

"त्या परीक्षांना काही अर्थ नसतो," असं यशोधन अजून सांगतो. खरी गोष्ट त्याच्या बायकोला, रुचिराला माहीत होती. तो परीक्षेला बसलाच नव्हता. सुगत पास आणि आपण नापास, असं झालं तर काय, या धास्तीने त्याने त्या दिवशी तापाचं सोंग काढलं होतं.

आता दोघंही निवृत्त होते, एकाच सोसायटीत राहत होते, आणि शनिवारी सकाळी तिथल्या सिमेंटच्या कोर्टवर एकमेकांशी खेळत होते. पण वर्षाचा खरा दिवस होता फेब्रुवारीतला रविवार. कस्तुरबा गांधी मार्गापासून जवळच एक जुना क्लब आहे. एरवी सभासदाशिवाय तिथल्या गवतावर चिमणीसुद्धा उतरत नसेल. पण त्या एका दिवशी प्रदर्शनीय सामना असतो आणि फाटक सगळ्यांना उघडं. शाळांची मुलं येतात, मागच्या क्वार्टर्समधले माळी आणि स्वयंपाकी बायकामुलांसकट येतात, मुनिरकातले विद्यार्थी येतात. मराठी मंडळ वडापावचा स्टॉल लावतं आणि दिल्लीभर विखुरलेली मराठी माणसं तिथे एकमेकांच्या मुलांची लग्नं जमवतात. सामना संपला की शेवटचा एक रिवाज: प्रेक्षकांनी चपला-बूट काढायचे आणि त्या हिरव्या कोर्टवर अनवाणी फिरायचं. म्हाताऱ्या बायका तर पदर खोचून सामना संपायचीच वाट बघत बसतात.

आणि या सगळ्या लोकांच्या मधोमध, उंच खुर्चीवर, दर वर्षी सुगत.

"यंदा तरी तुम्हाला बसवतील का हो वर?" रुचिराने आदल्या दिवशी बटाटे कुस्करताना विचारलं.

"मला काय करायचंय वर बसून? ऊन लागतं."

"मग इस्त्रीचा ब्लेझर कशाला काढून ठेवलाय?"

ब्लेझर त्याने दर वर्षी काढून ठेवला होता आणि दर वर्षी तसाच परत टांगला होता.

सामना होता ऑस्ट्रेलियाच्या एका निवृत्त खेळाडूचा आणि फरिदाबादच्या एका उमद्या पोराचा. यशोधनच्या वाट्याला लांब बाजूची रेघ आली होती. ब्लेझर यंदा त्याने अंगात घातलाच होता. पहिल्याच सेटमध्ये एक चेंडू सणसणत आला आणि यशोधन हात लांब करून ओरडला, "आऊट!" मग वरून सुगतचा तो गंभीर, गोड आवाज माइकमधून सगळ्या मैदानावर पसरला, "करेक्शन. चेंडू आत होता."

लोक हसले. लोक अशा वेळी हसतातच, त्यात काही वाईट नसतं. पण यशोधनच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला मी रेघ दाखवली तो मला रेघ दाखवतो? चेंडू खरंच आत होता हे त्यालाही दिसलं होतं, जरा उशिरा दिसलं होतं. त्यामुळे राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. त्या क्षणी सुगतची खुर्ची मोडून तो गवतावर पडला असता तर यशोधनला मनापासून आनंद झाला असता. अर्थात त्याला उचलायलाही तोच पहिला धावला असता.

प्रदर्शनीय सामन्यात चेष्टामस्करी चालतेच. दुसऱ्या सेटमध्ये विश्रांती संपली तेव्हा तो ऑस्ट्रेलियन खुर्चीपाशी गेला, सुगतला हाताला धरून खाली उतरवलं आणि आपली रॅकेट त्याच्या हातात दिली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग तो थेट यशोधनकडे आला, त्याला खांद्याला धरून उंच खुर्चीपाशी नेलं आणि वर बोट दाखवलं. स्वतः जाऊन यशोधनच्या जागेवर रेघेला डोळे लावून उभा राहिला.

यशोधन शिडी चढला. वर बसला. ब्लेझरची बटणं लावली. वरून सगळं दिसत होतं: कोर्टाच्या चारी रेघा, वडापावचा स्टॉल, फोन उंच धरून उभी असलेली रुचिरा. जन्मभर एकाच रेघेकडे बघितलेल्या माणसाला एकदम सगळंच दिसायला लागलं. आणि लगेच वाटलं, सुगत हे दर वर्षी बघत होता, आणि मला कधी बोललाही नाही.

खाली सुगत खेळत होता. इस्त्रीच्या पँटवर, टाय मागे टाकून. फरिदाबादचा पोरगा त्याला सोपे चेंडू देत होता, आणि सुगत प्रत्येक चेंडू परत करत होता. लोक दर फटक्याला ओरडत होते. अच्छा, म्हणजे मैदान जिंकणंही याला जमतं, यशोधनला वाटलं. मग सुगतने एक बॅकहँड मारला, आयुष्यात एकदाच लागतो तसा. पोरगा जागच्या जागी राहिला. चेंडू त्याच लांब बाजूच्या रेघेवर पडला.

पांढरा चुना उडाला. यशोधनने तो स्वच्छ पाहिला.

रेघेवर उभ्या ऑस्ट्रेलियनने मात्र गंमत म्हणून दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. लाइन अंपायरला दिसलं नाही तर तो हीच खूण करतो, आणि मग निर्णय खुर्चीने द्यायचा असतो. सगळं मैदान वर बघू लागलं. सुगतही बघू लागला, धापा टाकत, लहान पोरासारखा हसत.

"आऊट," यशोधन माइकमध्ये म्हणाला.

लोक "अरेरे" करून हसले. सुगतने खुर्चीकडे बघून मान झुकवली आणि रॅकेट परत दिली. यशोधन खाली उतरून आपल्या रेघेवर परत गेला. इतक्या वर्षांत त्याच्या हातून चुका झाल्या होत्या, पण खोटं एकदाही झालं नव्हतं.

सामना संपल्यावर लोक अनवाणी कोर्टवर शिरले. यशोधनही बूट काढून सरळ त्या रेघेकडे गेला. खूण तिथे होतीच. रेघेवरचा चुना बोटभर पुसला गेला होता आणि त्याचा फराटा आतल्या गवतावर उमटला होता. त्याने त्यावर पाय ठेवला आणि तिथेच उभा राहिला. बायका फिरल्या, मुलं लोळली, मंडळाच्या साधनाताई "चला ना, फोटो" म्हणून दोनदा बोलावून गेल्या. तो हलला नाही.

घरी जाताना यशोधन, रुचिरा आणि सुगत तिघं मेट्रोत बसले. रुचिराने फोन काढून त्याच्यापुढे धरला. फोटोत तो उंच खुर्चीवर बसला होता, ब्लेझरची बटणं लावून.

"छान आलाय ना? भाऊजींनी मला सकाळीच सांगून ठेवलं होतं, फोन चार्ज करून ठेवा म्हणून."

"सकाळी?"

"अहो, त्या ऑस्ट्रेलियनला त्यांनीच पटवलं. म्हणाले, माझ्या मित्राला एकदा वर बसवायचंय, काहीतरी निमित्त काढ."

सुगत संकोचून खिडकीबाहेर बघू लागला. यशोधनच्या तोंडचं पाणी पळालं.

द्वारकेत उतरल्यावर रुचिरा भाजी घ्यायला थांबली. दोघं मित्र सोसायटीकडे चालू लागले. फाटक दिसल्यावर यशोधन थांबला.

"सुगत. तो चेंडू आत होता."

"माहितेय."

"तुला दिसला?"

"नाही रे. तू आऊट म्हणालास तेव्हा मला आऊटच वाटला. पण नंतर तू त्या जागेवर पाय रोवून उभा राहिलास. सगळे फिरत होते आणि तू हलेचना. तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीस? सगळे तिथेच होते."

"पहिल्यांदा वर बसला होतास, यश्या. त्याच दिवशी तुझा निर्णय फिरवायचा?" सुगतने फाटक उघडून धरलं. "शनिवारी येतोस ना खेळायला? तो बॅकहँड परत लागतो का बघू."

"येतो," यशोधन म्हणाला.

लिफ्टमध्ये तो एकटाच होता. लाज वाटत होती, रडूही येत होतं, पण त्या सगळ्याच्या तळाशी तेच जुनं, ओळखीचं दुखणं ठाण मांडून बसलेलं होतं. खुर्चीचं आता काही राहिलं नव्हतं. ती त्याला मिळून गेली होती. पण मित्राच्या शब्दाखातर मान झुकवायची आणि खोटं कळल्यावरही त्याची लाज झाकायची, हे त्या माणसाला कुणी शिकवलं होतं? आपण तर नाही. आपण फक्त रेघ शिकवली होती. आणि यशोधनला सुगतचा इतका हेवा वाटला, जितका तो उंच खुर्चीवर बसलेला असताना कधीच वाटला नव्हता.