नऊ जणांचा मुकादम

पहारीचं एक टोक जमिनीत रोवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि डावा हात वर करायचा. हात वर गेला की अख्ख्या साइटने गप्प बसायचं. मिक्सर बंद, मोबाइलवरची गाणी बंद, मीसुद्धा बंद. मला गप्प करणारी माणसं माझ्या आयुष्यात फार झाली नाहीत, हवं तर माझ्या घरच्यांना विचारा. हा माणूस नुसता हात वर करून ते काम करायचा.

"थांबा बाई, इचारू द्या," एवढंच म्हणायचा.

कोणाला विचारायचं, तर जमिनीला. मग कान काढून सांगायचा, "उजवीकडं पान्याची लाइन हाय. चालू हाय. डाव्या अंगानं चला." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. खात्री करायची म्हणून उजवीकडची माती मी स्वतः थापीने खरवडून पाहिली. हातभर खाली पाइप निघाला आणि त्यातून पाणी वाहत होतं. पाइपला हात लावला तर ते जाणवत होतं. त्यानंतर मी हसले नाही.

मी गाझियाबादेत छोटी कंत्राटं घेते. सोसायट्यांच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी, पावसाचं पाणी जिरवायचे खड्डे, असली कामं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. मी सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिंदी. तुमच्यापैकी जे दिल्लीत राहिलेत त्यांना ठाऊक असेल, आपल्याला इथे मराठीचा एक फायदा असतो. कोणाच्याही तोंडावर त्याला काहीही म्हणता येतं.

आमची ओळख त्यातूनच झाली. वैशाली भागातल्या एका सोसायटीत सकाळचे अकरा वाजले तरी खोदाई दीड फुटावर अडली होती. मी काठावर उभी राहून पुटपुटले, "कामचोर आहेत नुसते. ऊन बघून हातपाय गाळलेत मेल्यांनी."

खड्ड्यातून आवाज आला, "कामचोर नाई बाई. इथं बिजलीची केबल हाय. तुमी या खाली, तुमच्या हातानं खोदा."

माझं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं असणार. तो पांढुर्ण्याकडचा. नकाशात मध्य प्रदेश, घरात मराठी. सोबत आठ जण, भाऊबंद आणि गावातलेच, आणि नववा हा, त्यांचा मुकादम. पन्नाशीचा, काटक, डोक्याला पांढरा गमछा. त्या दिवशी मी माफी मागितली नाही, मला ते जमत नाही. दुपारी चहा मात्र माझ्याकडून सगळ्यांना गेला आणि पुढची बारा वर्षं माझी सगळी खोदाई या नऊ जणांनी केली.

मुरूम, चोपण, भुरभुरी माती, ढासळणं, हे शब्द मला आईवडिलांकडून नाही, त्याच्याकडून मिळाले. क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलीचा मातीशी संबंध कुंडीपुरता. माझी मुलगी तर पहारीला सब्बल म्हणते आणि मी दुरुस्त केलं की "अच्छा, वही तो" म्हणून मोकळी होते. त्याला माती डोळ्यांनी, बोटांनी, टाचेने, सगळ्याने कळायची. खड्डा खोल जायला लागला की आधी स्वतः उतरायचा, चारी बाजू हाताने थोपटायचा आणि मगच कोणाला खाली घ्यायचा. फळ्यांचा आधार दिल्याशिवाय छातीपेक्षा खोल काम नाही. मी घाई केली की म्हणायचा, "घाई तुमाले हाय बाई, मातीले नाई." मी चिडायचे. तो ऐकून घ्यायचा आणि फळ्या लावत राहायचा.

मग गेल्या काही वर्षांत आमच्या धंद्याचं गणित बदललं. थंडीत प्रदूषणाने हवा बिघडली की इथे खोदकाम बंद करायला लावतात. उरलेल्या दिवसांत सगळ्यांचीच घाई. एका सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त अधिकारी, चष्म्यावरून बघत मला म्हणाले, "मॅडम, हाथ से खुदाई? मशीन लाइए, नहीं तो रहने दीजिए." एका हंगामात माझी तीन कामं मशीनवाल्याकडे गेली. चौथंही गेलं असतं तर मला दुकान गुंडाळावं लागलं असतं आणि मग त्या नऊ जणांना तरी मी कुठून काम देणार होते?

तर मशीन घ्यायचं ठरलं. छोटं पोकलेन, म्हणजे पट्ट्यांवर चालणारं, गल्लीबोळात शिरेल असं खोदयंत्र. ठरलं खरं, पण निवडायचं कोणी? मला माहितीपत्रकं वाचता येत होती. जमिनीखाली काय असतं ते मात्र त्यालाच माहीत होतं. आता बघा माझी लाज. ज्याच्या नऊ जणांचं काम ते मशीन खाणार होतं, त्यालाच मी ते निवडायला घेऊन गेले. आणि तेही खरं न सांगता. "उद्या जरा फरिदाबादकडे यायचंय माझ्याबरोबर," एवढंच म्हणाले.

खरं सांगते, मनातून मला वाटत होतं की त्याने "नको" म्हणावं. काहीतरी खोट काढावी आणि आपण रिकाम्या हाताने परत यावं.

विक्रेत्याचं आवार मोठं होतं. विक्री करणाऱ्या माणसाने आधी माझ्यामागे कोणी पुरुष येतोय का ते पाहिलं आणि विचारलं, "सर नहीं आए?"

"सर ऑफिसात फायली हलवतात," मी हिंदीत म्हटलं, "खोदते मी."

मला साडेतीन टनी मशीन आवडलं होतं. का, तर मोठं म्हणून. शेजारी एक दोन टनांच्याही आतलं उभं होतं, त्यापुढे खेळण्यासारखं. मुकादम दोन्हींभोवती एकेक फेरी मारून आला आणि त्याने खिशातून सुतळी काढली. सुतळीला गाठी होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"आपली फाटकं, बाई. ही वैशालीची, ही कौशांबीची, ही त्या मंदिरामागच्या गल्लीची."

मी बघतच राहिले. मी त्याला अक्षरही बोलले नव्हते आणि या माणसाने आमच्या प्रत्येक साइटचं फाटक मोजून सुतळीत बांधून आणलं होतं. एका दिवसात होणारं ते काम नव्हतं. मशीन येणार हे त्याला माझ्याआधी कळलं असावं.

त्याने सुतळी लावून पाहिली. मोठं मशीन निम्म्या गाठींत अडकलं. छोट्याच्या पट्ट्या आत सरकवता येत होत्या, ते सगळ्या गाठींतून गेलं. "आन् वजन पाहा," तो म्हणाला. "सोसायटीची बाग पार्किंगच्या छतावर असते. वरून गवत दिसते, खाली गाड्या उभ्या हायेत. हे मोठं धूड तिथं नेलं तर मशीन खाली अन् आपन जेलात." हे माहितीपत्रकात कुठेच नव्हतं.

मग तो कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून छोट्या मशीनच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, फिरवा. विक्रीवाला घाबरला. "अरे हटो यार, लग जाएगी." हा हटेना. मशीन गरकन पूर्ण फिरलं. त्याचा मागचा भाग पट्ट्यांच्या बाहेर आलाच नाही, मुकादमाच्या पोटापासून वीतभर लांबून गेला.

"मागं डोळे नसतात याले," तो शांतपणे म्हणाला, "आन् सोसायटीत मागं लेकरं असतात."

खरी परीक्षा पुढेच होती. त्याने डोक्याचा गमछा काढून जमिनीवर पसरला, त्यावर वीतभर माती टाकली आणि तिथल्या ऑपरेटरला सांगितलं, मोठ्या मशीनने वरची माती काढ, कापडाला धक्का लागता कामा नये. लिव्हर दाबली की ते मशीन क्षणभर थांबायचं आणि मग उडी मारायचं. गमछा मधोमध फाटला. मी म्हटलं, ऑपरेटरचा हात कच्चा असेल. तो म्हणाला, "ऑपरेटर तोच ठेवतो, मशीन बदलू." मग विक्रीवाल्याकडे वळून हिंदीत, "आता तुमचा मफलर द्या."

"मेरा क्यों?"

"माझा फाटला न."

त्या बिचाऱ्याने मफलर दिला. छोट्या मशीनच्या बकेटने माती अलगद बाजूला केली, ताटातली भाकरी सरकवावी तशी. मफलर झटकून परत केला तेव्हा त्याचा एकही धागा निघालेला नव्हता. आवारातले दोन मेकॅनिकही हात पुसत बघायला आले होते. मी इतकी वर्षं कंत्राटं घेते, मला यंत्र असं तपासायचं सुचलं नसतं.

विक्रीवाला आता फुलून आला. म्हणाला, हे एवढंसं दिसतं, पण दहा माणसांचं काम करतं.

मुकादमाने ते ऐकलं. "दहा," तो म्हणाला. "म्हंजे आमी नऊ, अन् वर एक." त्याच्या आवाजात राग नव्हता, मी शोधला म्हणून सांगते. मग तो वर चढून सीटवर बसला, लिव्हर धरल्या, आणि हसला. बारा वर्षांत त्याला मी तसं हसताना पाहिलं नव्हतं. "बसून खोदता येते, बाई," तो म्हणाला. "घ्या हे."

परतीच्या वाटेवर गाडीत मला राहवलं नाही. म्हटलं, "मुकादम, तुम्ही 'नको' म्हणाला असतात तर मी घेतलं नसतं."

"मले ठाऊक हाय."

"मग?"

"डोक्याच्या वर माती गेली की मले झोप येत नाई," तो म्हणाला. "हे आठ मी त्यांच्या घरून मागून आनले हायेत. यातल्या एकाचंही मले घरी जाऊन सांगावं लागलं तर कसं सांगू?" आणि मग लगेच, "हिंडन नदीच्या बाजूचं काम येऊन राह्यलं न? तिथली माती रेताड हाय. ती लय खोटी."

मशीन आलं. पलवलचा एक ऑपरेटर ठेवला, तिशीतला, हुशार, थोडा आगाऊ. मुकादमाने त्याला पहिल्याच दिवशी खाली उतरवून पहारीला कान लावायला सांगितलं. तो हसला. चौथ्या दिवशी त्याला स्वतःला गॅसची लाइन सापडली आणि त्यानंतर तो न सांगता कान लावू लागला. हातातली कामं संपेपर्यंत सगळे बरोबर राहिले. मशीन खोदायचं, हे नऊ जण काठ साफ करायचे, पाइप टाकायचे. पण दिवसाकाठी त्यांना काम कमी पडतंय हे दिसत होतं. दुपारी तीनलाच फावडी धुऊन ठेवलेली असायची आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

हिंडनच्या बाजूचं ते काम फेब्रुवारीत लागलं. सांडपाण्याचा चेंबर, दहा फूट खोल. पूर्वी तिथे दोघे-तिघे खाली असते, फळ्या लावत, घमेली वर देत. आता मशीन एकटं काठावरून खोदत होतं. साडेबाराच्या सुमाराला एक बाजू खाली बसली. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. पोत्यातून धान्य सांडावं तसा फस्स आवाज झाला आणि खड्डा निम्मा भरला.

ऑपरेटरने मशीन मागे घेऊन बंद केलं. मुकादम काठापासून लांब उभा राहिला आणि हजेरी घ्यायला लागला. एकेक नाव मोठ्याने. प्रत्येकाने "हाय" म्हणायचं. समोर सगळे दिसत होते, उघड्या मैदानावर, दुपारच्या उन्हात, तरी त्याने आठही नावं घेतली आणि प्रत्येक "हाय" ऐकूनच पुढचं नाव घेतलं. शेवटी त्याने स्वतःचं नाव घेतलं आणि स्वतःच "हाय" म्हणाला. मग मातीतच खाली बसला.

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. पडायला हवं होतं.

महिनाभरात काम पुरं झालं आणि तो सांगायला आला, जातो म्हणून. मी म्हटलं, तुम्ही राहा. सुपरवायझर म्हणून राहा. मशीन आहे, ऑपरेटर आहे, पण जमिनीला विचारणारं कोणी नको का? त्याने मान हलवली. "गँग गावाले जाते अन् मुकादम इथं, असं नाई होत बाई." गावाकडे संत्र्याच्या बागांचं काम होतं. खड्डे गुडघ्याएवढे, असं त्याने मुद्दाम सांगितलं.

त्यांच्या दुपारच्या गाडीच्या वेळी मी निजामुद्दीन स्टेशनवर गेले. अशा निरोपांना जायची मला सवय नाही, काय बोलायचं ते सुचत नाही. फलाटावर वळकट्या, फावडी, एक प्रेशर कुकर, आणि माझं तोंड उगाचच चालू होतं. पाणी घेतलं का, डबा घेतला का. शेवटी जे बोलायला गेले होते ते बोलले.

"मुकादम, तुमचं काम माझ्यामुळे गेलं. वर ते मशीन निवडायलाही मी तुम्हालाच नेलं. मला माफ करा."

आयुष्यात मी फार कमी वेळा कोणाची माफी मागितली आहे. त्याला ते कळलं असावं. त्याने डब्याच्या दाराकडे पाहिलं. त्याची माणसं एकमेकांना ढकलत, हसत वर चढत होती.

"माफी कायची, बाई," तो म्हणाला. "नऊ आलो होतो. नऊ जाऊन राह्यलो."

तो शेवटी चढला. खिडकीतून आत बघून मी मोजले. नऊ होते.