खिरीतल्या मनुका

माझं शेवटचं पोस्टिंग जम्मूकडे, डॉग युनिटमध्ये. रँक नायक. काम डॉग हँडलरचं. माझ्याकडे जूनो नावाची लॅब्रडोर होती, ती बारूद हुंगून काढायची. शाळा मी सातवीला सोडली. पुढचं जे शिकलो ते युनिटमध्ये, आणि त्यातलं अर्धं कुत्र्यांच्या जेवणाचं.

पाचला उठायचं, साडेपाचला ब्रश मारायचा, सहाला पळवायचं. काम बरोबर झालं की जूनोला गाजराचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा. कधी काकडी. सफरचंद मिळालं तर बिया काढून. दुधी, लाल भोपळा उकडून, मीठ-मसाला नाही. आमचे सुभेदारसाहेब दर सोमवारी लायनीत उभं करून विचारायचे, "क्या नहीं देना?"

आम्ही ओरडायचो, "प्याज, लहसुन, अंगूर, किशमिश, साब!"

"किशमिश क्यों नहीं?"

"गुर्दा बंद, साब!"

किशमिश म्हणजे मनुका, गुर्दा म्हणजे किडनी. नवीन जवानांना हसू यायचं. मलाही आलं होतं.

आता मी भिवंडीजवळ शेलारला असतो. इंदू, माझी बायको, गेली त्याला वर्ष झालं. वर्षश्राद्ध घरीच घातलं. आमच्यात माणसं जेवायला बसायच्या आधी गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा वाटा काढतात. लोक कुत्र्याचं पान रस्त्यावर नेऊन ठेवतात. मी म्हटलं, घरात बाळ्या असताना बाहेर कशाला शोधायचा.

बाळ्या गावठी, अकरा किलोचा. इंदूने त्याला गोदामामागच्या गटारातून उचलून आणलं होतं. मला म्हणायची, "तुमची कुत्री सरकारी व्हती. हा माझा हाय." ती गेल्यावर दार वाजलं की तीच आली असं वाटून उठून बघणारे आम्ही दोघंच उरलो.

अकरा चाळीसला पान मी माझ्या हाताने त्याच्यापुढे ठेवलं. भात, वरण, भोपळ्याची भाजी, वर खीर. त्याने चाटून साफ केलं. मला बरं वाटलं. इंदू जेवली असं वाटलं.

बारा पाचला मी बसलो. खिरीचा पहिला घास घेतला आणि दाताखाली मनुका आली. दुधात फुगलेली. मी घास तसाच थुंकला.

"वैशाली, खिरीत मनुका किती?"

सून दारात आली. "मूठभर, बाबा. आईंना आवडायच्या ना."

"कुत्र्याच्या पानात पण?"

तिने डोक्याला हात लावला. तिची चूक नाही. खीर तिने केली, पान मी ठेवलं. नवीन पोरांना मीच शिकवायचो काय द्यायचं नाही ते. श्राद्धाच्या पानात ते बघायचं मला सुचलं नाही.

मी उठलो. चपलेत अंगठा घालायला गेलो तर जाईना. चप्पल तशीच टाकून बाळ्याला उचललं.

चुलतभाऊ म्हादू पंगतीतून ओरडला, "अरे फौजी, नाक्यावरची कुत्री चायनीज खाऊन जगतात! त्याला काय व्हतंय? श्राद्धाचं पान टाकून उठू नको."

"तू जेव," मी म्हटलं. "माझं पण जेव."

मुलाची, दिनेशची, रिक्षा दारातच होती. निघता निघता भिवंडीच्या, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"कुत्रा. अकरा किलो. मनुका खाल्ल्या. अकरा चाळीस."

"किती खाल्ल्या?"

"माहीत नाही."

"उलटी झाली?"

"नाही."

"घरी काही पाजू नका. मिठाचं पाणी तर अजिबात नाही. लगेच आणा."

पुढे सुताच्या गाठोड्यांचा ट्रक आडवा लागला. दिनेश हॉर्न मारत होता. बाळ्या माझ्या मांडीवर जीभ काढून वारा खात होता, फिरायला निघाल्यासारखा. त्याचीच मला जास्त भीती वाटली. बारूद पण असंच गप्प असतं.

बारा पन्नासला पोचलो. इंजेक्शन दिलं, उलटी झाली. मी काडीने मोजल्या. अकरा मनुका.

"सगळ्या आल्या?"

"ते कोण सांगणार काका?"

"किती खाल्ल्या की मरतो?"

"तसा हिशोब नाही. एखाद्याला काहीच होत नाही, एखादा थोड्यात जातो. आता सलाईन लावते. तुम्ही लघवी बघा. किडनी चालू आहे की नाही, ते त्यावरून कळेल."

सव्वाएकला सलाईन सुरू झालं. मी स्टुलावर बसलो. दोन वाजले, नाही. तीन, नाही. चारला बाईंनी त्याचं पोट दाबून बघितलं आणि सलाईनची बाटली बदलली. दिनेशने चहा आणला, तो तसाच गार झाला. देवाला काय म्हणायचं ते आठवेना. तोंडात एकच येत होतं, गुर्दा बंद, साब.

साडेपाचला बाई म्हणाल्या, "जरा बाहेर चालवून बघा."

पट्टा धरून बाहेर आणला. तो इकडेतिकडे हुंगत गेला, रिक्षाच्या मागच्या चाकाशी थांबला आणि तंगडी वर केली. पुष्कळ वेळ.

पुढे तीन दिवस रक्त तपासलं, ठीक निघालं. पण माझी भीती गेली ती त्या चाकापाशी.

रोज सकाळी याच चाकावरून इंदू त्याला शिव्या घालायची. मी पट्टा धरून उभा होतो आणि माझ्या तोंडून तिच्या आवाजात निघालं, "मेल्या, सगळ्या भिवंडीत तुला दुसरी जागा न्हाय?"

बाळ्याने कान टवकारले आणि माझ्या मागे बघितलं. दिनेशनेही बघितलं. मग मीही वळून बघितलं.